पाच नावांचं एकच बिल

अधिक महिना आला की जावयाला तेहतीस अनारसे देतात.

बारवेच्या तळाशी उभं राहून वर पाहिलं तर आभाळ चौकोनी दिसतं.

तुरीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. भोवती बाजार भरलेला असतो, तरी दोघांत काय ठरलं ते तिसऱ्याला कळत नाही.

प्रिय ग्राहक, आपल्या नावाची मुदत लवकरच संपत आहे. हा संदेश आपोआप पाठवला आहे. कृपया उत्तर देऊ नये.

"तारीख सरकत नाही म्हणजे? तारीख आहे का वळू?"

हे शेवटचं बारंगुळे अप्पांचं. आमच्या ऑफिसात पंख्याखालच्या खुर्चीत, टोपी गुडघ्यावर ठेवून ते बसले होते. बार्शीच्या बाजारात त्यांची आडतीची पेढी, गावाबाहेर डाळमिल आणि गोदाम, शिवाय एक शाळा. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि आवाज असा, की काचेच्या दारापलीकडचा चहावाला किटली धरून ऐकत उभा राहायचा.

ऑफिस म्हणजे मुकुंददादा गरड आणि मी. गावातल्या दुकानांच्या, शाळांच्या, मंगल कार्यालयांच्या वेबसाइट करून द्यायच्या आणि त्यांची डोमेन सांभाळायची. डोमेन म्हणजे इंटरनेटवरचं नाव, तोच पत्ता. ते कुणाला कायमचं मिळत नाही, वर्षाच्या बोलीनं मिळतं. मुदतीच्या आत भरलं नाही की पत्ता बंद. म्हणून गिऱ्हाइकाला आधी फोन करून आठवण द्यायची, ते काम माझं होतं.

"अप्पा, ऐका तरी," मुकुंददादा म्हणाले. "मिलचं नाव जानेवारीत घेतलंय. डाळीच्या ब्रँडचं मार्चात. शाळेचं जूनमध्ये, दोन वर्षांचं एकदम. आणि गोदामाचं तुमच्या पुतण्यानं पुण्यातल्या कुणाकडनं तरी घेतलंय, त्याचा पासवर्ड त्याच्या जुन्या फोनमध्ये."

"आणि जुना फोन?"

"विहिरीत पडला म्हणतो."

"पुतण्याच पडला असता तर बरं झालं असतं. ते काही नाही. जेवायला बसलं की हिचा फोन. अप्पा, मुदत आली. परवा मी शिवपूजेत होतो. म्हटलं, आली वाटतं खरंच."

मला हसू आवरेना. अप्पांनी माझ्याकडं टोपी रोखली. "हसू नको. वर्षाला एक बिल द्या. दिवाळीच्या पाडव्याला. वहीपूजनाला बिल पाटावर ठेवतो आणि तिथंच चेक देतो. मग वर्षभर ह्या जोत्स्नानं माझ्याशी बोलायचं नाही."

"तारीख आपल्या हातात नसते, अप्पा. पुढं गेली तर अख्ख्या वर्षानं जाते. मागं तर येतच नाही."

"आणि बिल?"

"बिल काय, बिल सरकतं."

"मग जे सरकतंय ते सरकवा की! मी कुठं तुमच्या तारखेच्या अंगाला हात लावतोय?"

दादा हरले. अप्पा गेल्यावर ते म्हणाले, "बारंगुळ्यांची सगळी नावं एका खात्यात ओढ. बघू काय काय निघतंय."

काय निघणार ते मला ठाऊक होतं.

*

पाचवं नाव.

विरूच्या बारवा. सगळं जोडून, पुढं डॉट इन.

विरूपाक्ष हा अप्पांचा एकुलता मुलगा. मिलमध्ये त्याचं लक्ष नव्हतं. मोटरसायकलवर कॅमेरा बांधून तो मराठवाडाभर फिरायचा, गाळानं भरलेल्या, विसरलेल्या बारवांचे, पायऱ्यांच्या जुन्या विहिरींचे, फोटो काढायचा. ती वेबसाइट त्यानं आमच्याच ऑफिसात बसून केली. एका हंगामात अप्पांनी न सांगता त्याची मोटरसायकल विकून टाकली. त्यावरून पेढीवर, हमालांच्या देखत, बापलेकांचं जुंपलं. अप्पा म्हणाले, "या पेढीची पायरी पुन्हा चढलास तर..."

पुढचं ऐकायला विरू थांबला नाही.

त्याचा फोन बंद झाला. मित्रांनाही ठाव लागला नाही. राहिली फक्त ती वेबसाइट. तिच्या तळाशी एक रिकामी चौकट होती, वर लिहिलेलं: निरोप द्या. त्यात कुणीही काही लिहिलं की ते आमच्याकडं उघडलेल्या एका मेलबॉक्समध्ये येऊन पडायचं. लिहिणाऱ्याचा पत्ता त्यात येत नसे, नुसता मजकूर.

पहिल्या दिवाळीला त्यात एक ओळ आली: अक्का, बरा आहे.

दुसऱ्या दिवाळीला: इथं समुद्र आहे. तुला वास सोसला नसता.

तिसऱ्या: शेजारच्या बाईनं फराळ दिला. चकली तुझ्यासारखी नाही.

अक्का म्हणजे त्याची आई, गिरिजाक्का. त्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नव्हतं. दर सोमवारी महादेवाला जाऊन आमच्याकडं यायच्या, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायच्या, आणि मी मेलबॉक्स उघडायची.

"काही नाही, अक्का."

"असू दे. उघडतंय ना पण?"

"उघडतंय."

"मग झालं."

त्यांना एवढंच हवं होतं. लेकाला बोलायचं झालं तर बोलायची जागा असावी. त्या नावाची मुदत ऑक्टोबरच्या शेवटी संपायची. मी अप्पांच्या फोनवर न सांगता अक्कांच्या फोनवर सांगायची, दुपारी, अप्पा पेढीवर असताना. त्या पदराच्या गाठीतून पैसे आणून द्यायच्या. एकदा मी म्हटलं, "अक्का, तुम्ही उलट काही लिहा की. वेबसाइटवर टाकू, तो वाचेल."

"नको गं बाई. त्याचं आहे ते. आपण हात लावला आणि त्याला राग आला तर?"

*

कच्चं बिल घेऊन मी पेढीवर गेले. एका पत्त्यावरची सगळी नावं कॉम्प्युटरनं ओढून घेतली होती, त्यात पाचवंही आलं होतं. मी दादांना म्हटलं होतं, हे काढू या. दादा म्हणाले, "खातं एकच, दोन बिलं कशी करू? सांग त्यांना काहीतरी."

अप्पा गादीवर बसले होते. बोट ठेवत ठेवत वाचत गेले. मिल. ब्रँड. शाळा. गोदाम. मग बोट थांबलं.

पाचव्या नावाखाली कॉम्प्युटरनं आपल्या मनानं एक रेघ मारली होती आणि ते 'इतर' म्हणून वेगळं टाकलं होतं.

"चुकून आलंय, अप्पा. काढते मी."

बाहेर तुरीच्या पोत्यांचं वजन चाललं होतं. हमाल आकडा ओरडत होता. अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"राहू दे," ते म्हणाले. "ही रेघ तेवढी काढ. बाकीच्यांच्या ओळीत घे."

मी धावतच अक्कांना फोन केला. मला वाटलं, त्या खूश होतील. पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे आता ते त्यांच्या हातात गेलं," अक्का म्हणाल्या.

"अक्का, ते राहू दे म्हणाले."

"राहू दे तर ते बाजारात दिवाळं निघालेल्या माणसालाही म्हणतात. नंतर दुकान उचलतात. एखाद्या पाडव्याला मनात येईल आणि काट मारतील, जोत्स्ना. मला कळणारसुद्धा नाही."

"मी आहे ना."

"तू आहेस," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी पाडवा लवकर आला. ऑक्टोबर सरायच्या आतच दिवाळी. बिल पाटावर गेलं, चेक मिळाला, पाचही नावं वर्षभरानं पुढं गेली. भाऊबीजेला चौकटीतून ओळ आली: मोठी बोट रंगवतोय. हात निळे झालेत. अक्कांनी ती मला तीनदा वाचायला लावली आणि म्हणाल्या, "निळे म्हणजे रंगानं ना?"

"रंगानंच, अक्का."

आठवणीचे सगळे संदेश दादांनी बंद करून टाकले होते, अप्पांच्या सांगण्यावरून. माझ्या फोनच्या यादीतून बारंगुळे गेले. पेढीवरून निरोप आला, पोरीला म्हणावं, जेवण गोड लागतंय.

*

पुढच्या वर्षी अधिक जेठ होता.

आमच्याकडं माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा आला, त्याला अनारसे दिले, त्यानं नको नको म्हणत सगळे खाल्ले. महिना गेला. गणपती उशिरा बसले. नवरात्र उशिरा आलं. सगळं गाव म्हणत होतं, यंदा सण लांबले. मीही म्हणत होते.

अक्का दोन सोमवार आल्या नाहीत. गुडघा सुजला होता, त्यात फराळाचं काम. फोनवर म्हणाल्या, "पाडव्याला पेढीवर येशील ना बिल घेऊन? तिथंच बघू मोबाइलवर."

पाडव्याच्या सकाळी पेढी झेंडूनं भरली होती. पाटावर नवी वही, तिच्यावर स्वस्तिक, शेजारी दौत, विड्याची पानं. मी बिल दिलं. अप्पांनी ते गुरवाच्या हातात दिलं नाही. स्वतः पाटावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर सुपाऱ्या ठेवल्या आणि हळदीकुंकवाची बोटं एकेका नावापुढं टेकवत खाली आले. शेवटच्या नावापाशी त्यांनी दुसऱ्यांदा कुंकू घेतलं.

आरती झाली. मुनीम, हमाल पेढे घेऊन पांगले. अक्का भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "आता बघ. आली असेल एव्हाना."

मी मोबाइलवर मेलबॉक्स उघडला. उघडेना. पेढीवर रेंज कमी असते, म्हणून पायरीवर जाऊन पाहिलं. मग वेबसाइट उघडली.

बारवा नव्हत्या. पांढऱ्या पानावर कुठल्याशा कंपनीची जाहिरात होती. मी लगेच दादांना फोन लावला.

"दादा, विरूचं नाव बंद दिसतंय."

"बंद कसं? आज तर बिल दिलं." पलीकडं कळा दाबल्याचा आवाज. "जोत्स्ना, मुदत संपून गेलीय. ऑक्टोबरच्या शेवटी."

"पण पाडव्याला भरायचं ठरलं होतं."

"तेच तर कळत नाही. गेल्या वर्षी पाडव्याला भरलं तेव्हा मुदतीला अवकाश होता. बाकीची चारही नावं ठीक आहेत, त्यांच्या तारखा लांब..."

माझ्या मागं अप्पा येऊन उभे होते. फोनमधलं त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"अधिक महिना," अप्पा म्हणाले.

मी वळून पाहिलं.

"गेल्या साली पाडवा आधी, ही तारीख नंतर. यंदा अधिक पडला. पाडवा पुढं गेला. तुमची तारीख इंग्रजी, ती जागची हलली नाही." त्यांनी हात टेकायला दाराची चौकट धरली. "पंचांग माझ्या उशाशी असतं. मुहूर्त मी काढला."

दादा फोनवर म्हणत होते, "आत्ता भरतो, लगेच भरतो, नाव गेलेलं नाही, संध्याकाळपर्यंत उघडेल."

अक्का भिंतीला धरून उठल्या होत्या.

"काय झालं?"

मी सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं.

"मग इतके दिवस आलेले निरोप कुठं असतील? पोस्टात राहतात तसे राहिले असतील ना?"

"नाही, अक्का. पानच उघडत नव्हतं. ती चौकटच नव्हती."

"म्हणजे त्याला लिहिताच आलं नसेल."

"नाही."

"मग त्यानं उघडून बघितलं असेल तर त्याला काय दिसलं असेल?"

मी मोबाइल उलटा धरला.

"जोत्स्ना, काय दिसतं तिथं? वाच मला."

"इंग्रजीत आहे, अक्का."

"मराठीत सांग."

"हे नाव विकणे आहे."

अक्कांनी अप्पांकडं पाहिलं नाही. त्या पाटावरच्या बिलाकडं बघत होत्या.

"गाडी विकली तेव्हा तो रडला होता माझ्यापाशी," त्या म्हणाल्या. "आता त्याला वाटलं असेल, हेही विकलं."

"गिरिजा..."

"मी सांभाळत होते. मी एकटी सांभाळत होते तोवर एक दिवस बंद पडलं नव्हतं. तुम्ही कशाला हात घातलात त्यात?"

अप्पा खाली बसले, गादीवर नव्हे, तिथंच उंबऱ्यापाशी.

"तू सांभाळतेस ते मला पहिल्या सालापासून ठाऊक होतं."

"कसं?"

"महादेव स्टँडच्या बाजूला आहे. तू सोमवारची यायचीस ती उलट्या बाजूनं, ह्यांच्या ऑफिसाकडनं. बाजारात जन्म गेला माझा, मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस का?"

कुणीतरी रस्त्यावर फटाक्यांची माळ लावली.

"मला त्याला वहीत घ्यायचा होता," अप्पा म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मला वाकावं लागलं. "ही बिलाची भानगड त्यासाठीच काढली. मिलचं नाव, डाळीचं नाव, त्यात त्याचंही नाव. पाडव्याला पाटावर बसेल. मुनीम बघेल, हमाल बघतील, त्यांच्या देखतच बोललो होतो ना मी. पायरी चढू नको म्हणालो. म्हटलं, नाव तरी चढू दे."

म्हणजे जेवणातल्या फोनचा त्रास, पूजेतली मुदत, सगळी थट्टा वरवरची होती. पुतण्याचा पासवर्ड शोधायला त्यांनी स्वतः पुण्याला दोन खेपा का मारल्या होत्या, ते मला आता कळत होतं.

अक्का त्यांच्याशेजारी खाली बसल्या. सुजलेल्या गुडघ्यानं बसता येत नव्हतं, तरी बसल्या.

मग अप्पांनी मला विचारलं, "त्याला उलट कळवता येतं का? बिघाड झाला होता म्हणून?"

"कुठं कळवू, अप्पा? त्याचा पत्ता कधी येतच नव्हता. नुसता मजकूर यायचा."

"त्याच्या त्या पानावर?"

मी अक्कांकडं पाहिलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली.

"काय लिहू?"

अप्पांनी बराच विचार केला. भाव करताना ते रुमालाखाली बोटं हलवतात तशी त्यांची बोटं मांडीवर हलत होती. "लिही... पत्ता चालू आहे." थांबले. "आणि लिही, विकायचा नाही. आणि माझं नाव घाल खाली. अप्पा. नुसतं अप्पा."

संध्याकाळी पान उघडलं. सगळ्या बारवांच्या वर मी ती ओळ टाकली. अक्कांनी मला फोनवर ती वाचायला लावली, आणि अक्षरं मोठी आहेत ना, असं विचारलं. मी आणखी मोठी केली.

भाऊबीजेला चौकटीतून काही आलं नाही.

एक बिल मोडलं. पाचव्या नावाचा फोन पुन्हा माझ्या यादीत आला, आता अप्पांच्या नावावर. ऑक्टोबर लागला की मी फोन करायच्या आधी अप्पाच ऑफिसात येऊन बसायचे, पंख्याखाली, टोपी गुडघ्यावर. सोमवारी दोघं मिळून यायचे. अक्का स्टुलावर, अप्पा त्यांच्या मागं उभे.

"काही नाही, अक्का."

"उघडतंय ना पण?"

"उघडतंय."

अक्कांनी एकदा जाताना दारात थांबून मला विचारलं, "तो रागावला असेल तर किती वर्षं रागावेल गं? बापासारखा आहे तो." अप्पा पुढं रिक्षा थांबवत होते. मी म्हटलं, "येईल, अक्का." पुढं मी लग्न होऊन लातूरला आले. ते नाव अजून चालू आहे. दादा सांगतात, अप्पा आता एकदम दहा वर्षांचं भरायला देतात आणि तरी दर ऑक्टोबरला येऊन विचारतात.

आमच्यापैकी कुणापर्यंत कधी आलं नाही ते एवढंच: पान बंद होतं त्याच वर्षी विरू नरकचतुर्दशीच्या पहाटे वेरावळच्या एका दवाखान्यात वारला, पाडव्याच्या दोन दिवस आधी. आदल्या रात्रीपर्यंत तो शुद्धीवर होता आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा फोन त्यानं आपलं पान उघडायला मागून घेतला होता.